हत्तीच्या (हस्त नक्षत्राच्या) झडीनंतरची उघाड: सोंगणी धरावी का थांबावं?

वावरातला (दारव्हा) | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

नऊ दिवसांची झड काल थांबली. आज दुपारी तीन तास चांगलं कडक ऊन पडलं आणि गावात धांदल उडाली. संध्याकाळी चौकात टोळीचा मुकादम बसला होता, त्याच्याभोवती पंधरा-वीस जण, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: उद्या सकाळी सोंगणी. मीही गेलो होतो, पण नंबर न लावताच परत आलो. आई म्हणाली, "शेंगा तडकल्या म्हणजे मग दाणे वेचत बसशील." तिचंही खोटं नाही. सहा एकर सोयाबीन पार वाळून उभं आहे, पानं झडलीत, शेंग हलवली की आत दाणा खुळखुळतो.

तरी माझं मन धजत नाही. ऊन पडलं, पण वारा अजून पूर्वेचाच आहे. रात्री अंगावर चादर घेववत नाही, इतकं गदगदतं. आणि चार वाजता आग्नेयेकडं पांढरे ढग असे उंच चढले की त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरट झाला.

२०२१ साली मी अर्ध्या दिवसाच्या उन्हावर भरवसा ठेवून साडेतीन एकर सोंगून टाकलं होतं. तेव्हा 'गुलाब' चक्रीवादळ २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं. मला वाटलं, समुद्र कुठं आणि दारव्हा कुठं. पण वादळाचं उरलेलं अंग सरळ पश्चिमेला चालत आलं आणि दोन दिवसांत आपल्या डोक्यावर होतं. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात बस वाहून गेली, माणसं गेली. त्यापुढं माझं सोयाबीन काहीच नाही. पण वावरात पडलेल्या त्या ओल्या कवट्यांना (सोंगलेल्या झाडांच्या लहान ढिगांना) पाचव्या दिवशी कोंब फुटलेले पाहिले, ते अजून डोळ्यापुढून जात नाहीत.

म्हणून विचारतो. उघाड खरी की खोटी, हे तुम्ही कशावरून ओळखता? मोबाईलमधला अंदाज मी रोज पाहतो. मला तुमच्या वावरातल्या खुणा पाहिजेत.

कोरडवाहू_माणूस (दिग्रस) | ३ ऑक्टोबर, रात्री १०:१५

भाऊ, खुणा पाहत बसायला माझ्याकडं वेळ नाही. चार एकर आहे, लवकरचं वाण, पंधरा दिवसांपूर्वीच काढणीला आलं होतं. झडीत शेंगा फुगल्या, आजच्या उन्हात तडकायला लागल्या. दुपारी वावरात उभा होतो तर टिचक्या ऐकू येत होत्या. टोळी उद्याची मिळाली आहे, परवाची मिळेल याची खात्री नाही. एकराचा भाव रोज चढतो आहे. मी उद्या धरतो. ताडपत्र्या दोन आहेत, तिसरी मेहुण्याकडून आणतो.

पावसाची_वही (मंगरूळपीर) | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

वावरातला भाऊ, मी शिक्षक होतो. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता, तेव्हापासून नोंदी ठेवायची सवय लागली. निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर स्वतःचा बसवला. सकाळी साडेआठला मोजतो, वहीत लिहितो. त्या वह्यांच्या भरवशावर थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक फरक समजून घ्यावा. पाऊस थांबणं वेगळं आणि हवा कोरडी होणं वेगळं. परवा थांबला तो पाऊस. हवा अजून ओलीच आहे. हवामान खातं वायव्य भारतातून मान्सून परतल्याचं जाहीर करतं तेव्हा तीन गोष्टी पाहतं: सलग पाच दिवस त्या भागात पाऊस नाही, साधारण दीड किलोमीटर उंचीपर्यंत वाऱ्याचं चक्र उलटं फिरून वरची हवा खाली बसायला लागली आहे, आणि उपग्रहाच्या चित्रात हवेतली वाफ चांगलीच घटलेली दिसते आहे. राजस्थानातून परतीची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत, २०२० पासून १७ सप्टेंबर धरतात. आपल्या विदर्भातून तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. म्हणजे आज ४ तारखेला तो आपल्याकडं असणं काही आक्रीत नाही. २०१९ साली तर राजस्थानातूनच परतीला ९ ऑक्टोबर उजाडला होता, नोंदींमधला सगळ्यात उशीर. त्या दिवाळीत आपल्याकडं सोयाबीनच्या सुड्या काळ्या पडल्या होत्या, हे सगळ्यांना आठवत असेल.

आता वारा. तुम्ही पूर्वेचा वारा म्हणालात, ते फार मोलाचं आहे. उपसागरातून आलेला कमी दाब आपल्या दक्षिणेला, म्हणजे तेलंगणाकडं असला की त्याच्या उत्तर अंगाला वारा पूर्वेकडून वाहतो. हा वारा वाफ घेऊन येतो. जोवर तो वाहतो आहे तोवर दुपारचं ऊन फसवं. उलट ऊन जितकं कडक, तितकी ओल्या जमिनीतून वाफ जास्त उठते आणि चार-पाच वाजता गडगडाट होतो. परतीच्या पावसाची तऱ्हाच अशी आहे: सकाळ निर्मळ, दुपार तापलेली, संध्याकाळी वीज. एका गावात दोन इंच आणि शेजारच्या गावात धूळ.

कोरडी हवा येते ती उत्तरेकडून किंवा वायव्येकडून. ती आली की तीन बदल मला दोन दिवसांत दिसतात. पहिला, पहाटे गारवा. आपल्याकडं ऑक्टोबरात दिवसा ३३ आणि रात्री २१ च्या आसपास असतं. झडीत हे अंतर पाच-सहा अंशांवर येतं, कोरड्या हवेत बारा-तेरावर जातं. तुम्ही म्हणता चादर घेववत नाही, म्हणजे ते अंतर अजून वाढलेलं नाही. दुसरा, दुपारचे ढग वर चढत नाहीत. कापसाच्या पुंजक्यासारखे येतात, चपटे राहतात, दिवस बुडायच्या आत विरून जातात. तिसरा, दूरचं दिसणं. झडीनंतर आमच्या गच्चीवरून डोंगराची रेघ धूसर दिसते; कोरडी हवा आली की त्यावरची झाडं मोजता येतात.

दवाबद्दल एक सांगून थांबतो, कारण त्यात लोकांची गफलत होते. पहिले तीन-चार दिवस दव खूप पडतं. रात्री आभाळ मोकळं असतं आणि जमीन ओली असते, म्हणून. दव पडलं म्हणजे पाऊस येणार असं नव्हे. पण दवात सोंगू नका, मळू तर मुळीच नका. धुऱ्यावरून चालताना पाय भिजायचे थांबले की मग विळा.

आजच्या घडीला या तिन्हीतली एकही खूण माझ्याकडं दिसत नाही. मी आणखी चार दिवस थांबलो असतो.

खारपाण (दर्यापूर) | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

गुरुजी, लय चांगलं सांगितलं. पन आमच्या पूर्णाकाठच्या लोकायनं काय करावं? तुमच्याकडं चार दिवसांत वाफसा येते, आमच्याकडं दहा दिवस लागते. जमीन अशी चिकट की पाय टाकला का पिंढरीपर्यंत रुतते, अन् पानी खाली जिरतच नाई. वरून वाळली दिसते, खाली लोणी. हार्वेस्टर तं सोडाच, बैलबंडी नेता येत नाई. तुमची हवा कोरडी झाली तरी आमची जमीन ओलीच राहीन.

पावसाची_वही (मंगरूळपीर) | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

खारपाण भाऊ, तुमचं अगदी बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीत सोडियम जास्त. ओल लागली की मातीचे कण सुटे होऊन फुगतात आणि पाण्याच्या वाटा बंद करतात. तिथं आभाळ पाहण्याआधी पायाखाली पाहावं लागतं. वावराच्या उताराला चर काढून साचलेलं पाणी आजच काढून द्या, तेवढेच दोन-तीन दिवस वाचतात. माणसांनी सोंगून डोक्यावरून धुऱ्यापर्यंत आणणं कष्टाचं आहे, पण तुमच्याकडं या दिवसांत मला दुसरा मार्ग दिसत नाही.

माहेर_रिसोड (सध्या पुणे) | ४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

इथं पहिल्यांदाच लिहिते आहे. बाबा गावी एकटेच असतात, सहासष्ट वर्षांचे. पाच एकर सोयाबीन आहे. मी रोज सकाळी जिल्ह्याचा अंदाज वाचून त्यांना फोन करते. आज "तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस" असं होतं. मी म्हटलं, बाबा, तुरळक म्हणजे थोडासाच येईल, काढा. ते म्हणाले, "पोरी, तुरळक म्हणजे थोडा नव्हे." आणि फोन ठेवला. मी चुकीचा सल्ला दिला का?

वावरातला (दारव्हा) | ४ ऑक्टोबर, दुपारी २:००

ताई, बाबा बरोबर आहेत. या शब्दांनी मीही बरीच वर्षं गोंधळलो होतो. अंदाजातलं "तुरळक ठिकाणी" हे पाऊस किती पडेल ते सांगत नाही, किती जागी पडेल ते सांगतं. त्या भागातल्या चार केंद्रांपैकी फार तर एका ठिकाणी, असा त्याचा अर्थ. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊणपर्यंत, आणि त्यापुढं "बहुतांश ठिकाणी". त्या चारातलं एक गाव आपलं निघालं तर तिथं अर्ध्या तासात वावर भरून वाहू शकतं.

जोराचा अंदाज वेगळ्या शब्दांत असतो. "मुसळधार" म्हणजे चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलीमीटरच्या वर. आणि रंग पाहा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा.

बाबांना फोन करत राहा. तुम्ही अंदाज सांगा, ते वारा सांगतील. दोन्ही जुळले की सोंगणी.

माहेर_रिसोड (सध्या पुणे) | ४ ऑक्टोबर, दुपारी २:३५

खूप आभार दादा. संध्याकाळी फोन करून बाबांना सांगते की तुमचं खरं होतं. त्यांना बरं वाटेल.

बांधी (सडक अर्जुनी) | ४ ऑक्टोबर, रात्री ८:१०

तिकडचं सोयाबीनचं सगळं वाचलं. पण विदर्भ म्हणजे फक्त यवतमाळ-वाशीम नाही. आमच्याकडं पाऊस बुलडाण्याच्या दीडपटीहून जास्त, आणि आमचं पीक धान. इथं हिशोब पार वेगळा आहे.

हलकं धान पिवळं होऊन उभं आहे, त्याला आता पाणी नको. जड धान मात्र आत्ताच निसवलं आहे, लोंबीत दूध भरतं आहे. त्याला बांधीत (धानाच्या वावरात) पाणी पाहिजे. एकाच शेतकऱ्याच्या दोन बांध्या शेजारी-शेजारी, एकीला ऊन हवं आणि दुसरीला पाऊस. झडीत हलकं धान अर्ध्यावर लोळलं. लोळलेल्या धानाची लोंबी पाण्याला टेकली की दाणा तिथंच उगवतो. मी काल दिवसभर चार-चार झाडं एकत्र बांधून उभी केली. बायको आणि दोन्ही पोरं होती, रात्री कुणाला पाठ टेकवेना.

दुसरी भीती तुडतुड्याची, रस शोषणाऱ्या किडीची. झडीनंतर गदगदतं ऊन आणि दाट पीक मिळालं की तो बुंध्याशी वाढतो. वरून काही दिसत नाही, आणि आठ दिवसांत बांधीच्या मधोमध जळाल्यासारखा गोल पडतो. वावरातल्या लोकांनी आज-उद्या धान हातानं फाकवून बुंधा पाहावा. पाणी दोन-तीन दिवस काढून बांधी सुकू द्यावी, नुसत्या तेवढ्यानंही तो कमी होतो.

कोरडी हवा तुमच्याकडं आधी येते, पश्चिमेकडून. आमच्याकडं दोन-तीन दिवस उशिरा. म्हणून इथं रोज लिहीत जा, मला त्याचा उपयोग होतो.

पऱ्हाटी_हिंगणघाट | ५ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

कापसावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. झडीत खालची बोंडं सडली, ते तर गेलंच. पण माझ्या वावरात काल वेगळंच झालं. नऊ दिवस पाणी साचलेलं, परवा कडक ऊन, आणि काल सकाळी हिरवीगार झाडं ठिकठिकाणी मान टाकून उभी. कीड नाही, बुरशी नाही. शेजारी म्हणाला जमिनीत रोग आला.

रोग नाही तो. याला आकस्मिक मर म्हणतात. मुळं पाण्याखाली गुदमरलेली असतात आणि अचानक ऊन पडलं की पानं पाणी मागतात, मुळं देऊ शकत नाहीत. उघाडीच्या पहिल्या दोन दिवसांतच हे होतं, म्हणून या धाग्यात त्याची जागा आहे. सगळ्यात आधी चर मारून पाणी काढा. मग सुकलेल्या झाडांच्या बुंध्याशी माती पायानं दाबून घ्या आणि दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया व २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून बुडाशी ओता. झाड सुकायला लागल्यापासून एक-दोन दिवसांत केलं तर बरीच सावरतात. आठवड्यानं करून काही हाती लागत नाही. मी काल संध्याकाळी आणि आज पहाटे मिळून शंभरावर झाडांना ओतलं.

फुटलेला कापूस दहा वाजायच्या आत वेचू नका. दवाचा कापूस वजनाला बरा वाटतो, पण खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की घेतच नाहीत, आणि ८ च्या वर कपात. ओला ढीग घरात पिवळा पडतो, तो तोटा वेगळाच. यंदा आमची सीतादही (पहिल्या वेचणीची पूजा) लांबली आहे. आईचं म्हणणं, पहिली वेचणी कोरड्यातच करायची, दहीभात ओल्या वावरात ठेवायचा नाही.

कोरडवाहू_माणूस (दिग्रस) | ७ ऑक्टोबर, सकाळी ५:३०

मंडळी, काल संध्याकाळी साडेपाचला आलं. पाऊण तास. आधी वारा, मग विजा, मग पाणी.

४ आणि ५ ला चारही एकर सोंगून झालं होतं. अडीच एकराची गंजी लावली होती, ती ताडपत्रीखाली आहे. दीड एकर वावरात पसरलेलं होतं, वाळायला म्हणून. ते सगळं भिजलं. वावरातला भाऊ, गुरुजी थांबा म्हणाले होते. मला थांबता आलं नसतं, हे आजही सांगतो. पण दीड एकर पसरून ठेवायला नको होतं.

आता काय करू ते सांगा.

वावरातला (दारव्हा) | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:००

भाऊ, वाईट वाटलं वाचून. आधी हे सांगतो की तुमचं सोंगणं चुकलं नाही. शेंगा तडकत असताना थांबला असता तर दाणा मातीतच गेला असता. माझं उशिराचं वाण आहे, मला थांबणं परवडतं. दोघांचा हिशोब एक नाही.

आता भिजलेलं दीड एकर. आज गंजी लावू नका, काही झालं तरी. ओल्या कवट्या एकावर एक आल्या की आत वाफ धरते, दोन दिवसांत हात घातला तर चटका बसतो आणि दाणा काळा पडतो. ऊन निघालं की उलथं करा, दुपारी पुन्हा एकदा पालटा. शक्य असेल तर धुऱ्यावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला, जिथं खालून ओल लागणार नाही तिथं उचलून पसरा. चिखलाला टेकलेली बाजू आधी वर आली पाहिजे.

आणि गंजीवरची ताडपत्री ऊन असताना काढा. दिवसभर झाकून ठेवली तर आतली ओल आतच फिरते. संध्याकाळी चारला ढग पाहून परत झाका.

हे दीड एकर मळताना वेगळं मळा, वेगळ्या पोत्यात भरा. चांगल्या मालात मिसळलं तर सगळ्याचाच भाव पडतो. बियाण्याला तर यातला एक दाणाही ठेवू नका. सोयाबीनचं टरफल पातळ, शेंगेत एकदा भिजून वाळलं की दिसायला ठीक दिसतं आणि जूनमध्ये उगवत नाही. बियाणं गंजीतल्या अडीच एकरातलं ठेवा. त्याला हडंब्याचे (मळणी यंत्राचे) फेरे मिनिटाला चारशेच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर दाण्याला आतून तडा जातो.

आज मी मोकळा आहे. दुपारपर्यंत दिग्रसला येतो, गावाचं नाव निरोपात कळवा. दोन माणसं बरोबर आणतो.

कोरडवाहू_माणूस (दिग्रस) | ७ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

या भाऊ. कळवलं आहे.

पऱ्हाटी_हिंगणघाट | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

काल आमच्याकडंही संध्याकाळी विजा. सगळ्यांना हात जोडून एक सांगणं. पहिला गडगडाट ऐकू आला की मजूर बायांना वावरातून घरी पाठवा, सोंगणी अर्धी राहिली तरी चालेल. त्या झाडाखाली थांबतात, कारण वावरात दुसरा आडोसाच नसतो, आणि वीज झाडावरच येते. घर लांब असेल तर झाडापासून दूर, सखल जागी, पाय जवळ घेऊन उकिडवं बसावं, आडवं होऊ नये. विळे, पाण्याची कळशी बाजूला ठेवावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे, जवळपास वीज पडत असेल तर ते आधी सूचना देतं. मुकादमाच्या मोबाईलमध्ये तरी ते असू द्या. पाच-दहा मिनिटं मिळाली तरी माणूस वाचतो.

पावसाची_वही (मंगरूळपीर) | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मंडळी, आज पहाटे साडेचारला जाग आली ती थंडीनं. पायथ्याची चादर ओढून घेतली. गच्चीवर गेलो, वारा वायव्येकडून, मंद पण सलग. काल दुपारी ढग आले होते, चपटेच राहिले, पाचला आभाळ मोकळं. पर्जन्यमापक काल कोरडा, परवाही कोरडा. रात्रीचं तापमान तीन दिवसांत २४ वरून २०.५ वर आलं आहे.

उगवतीला डोंगराची रेघ अशी स्वच्छ दिसली की वरचं मंदिर ओळखू आलं.

माझ्या हिशोबानं पश्चिम विदर्भात उघाड आता खरी आहे. पुढचे पाच-सहा दिवस धरून कामं काढावीत. चार आठवड्यांचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज दर गुरुवारी निघतो तोही पाहत राहा, पण त्याच्यावर दिवस ठरवू नका. तो कल सांगतो, तारीख सांगत नाही. दिवस ठरवायला पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज, आणि मंगळवारी-शुक्रवारी येणारा कृषी सल्ला.

माहेर_रिसोड (सध्या पुणे) | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:००

बाबांचा आत्ताच फोन आला. मी विचारायच्या आत म्हणाले, "वारा फिरला." उद्या त्यांची सोंगणी आहे. मी रात्रीच्या गाडीनं निघते आहे. दोन दिवस रजा मिळाली.

खारपाण (दर्यापूर) | ९ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

ताई, चांगलं केलं. बापाले हिंमत येते.

आमचा चर कामी आला गुरुजी. वरच्या अर्ध्या वावरात पाय टिकून रायला. खालचं अजून लोणीच हाय.

बांधी (सडक अर्जुनी) | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

वारा आमच्याकडं काल रात्री पोचला, गुरुजींच्या बरोब्बर दोन दिवस मागं. आज हलकं धान कापायला घेतलं. कडपा दोन दिवस वाळतील, मग लगेच भारे बांधून खळ्यावर पुंजणं. कडपा वावरात जास्त दिवस ठेवायच्या नाहीत हे या धाग्यातून मनात पक्कं बसलं.

तुडतुडा एका बांधीत सापडला, बुंधे फाकवून पाहिले म्हणून. पाणी काढलं, पाहतो आहे.

वावरातला (दारव्हा) | १४ ऑक्टोबर, रात्री ८:३०

१० आणि ११ ला सोंगलं, १३ ला मळलं. सहा एकर, पाण्याचा एक थेंब न लागता. बाजारात हवा (दाण्यातली ओल) लावली तर ११.४ टक्के आली, माती दीड. व्यापारी दहाच्या वरच्या हवेचे कापतात ते कापलेच. पण डागी जवळपास नाही. उरलेलं घरीच दोन दिवस आणखी वाळवून मग नेतो, हमीभावाच्या केंद्रावर १२ ची अट आहे, तिथं अडचण येऊ नये.

कोरडवाहू भाऊंचं भिजलेलं दीड एकरही मळून झालं. दाणा मळकट झाला, भाव क्विंटलमागं बराच तुटला, पण कोंब फुटले नाहीत. अडीच एकरातलं बियाणं त्यांनी वेगळं काढलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, त्यातले ८३ उगवले. सत्तरच्या वर म्हणजे बियाण्याला चालतं.

आता हरभऱ्याचं विचारतो. झडीची ओल खोल आहे, पण दुपारी अजून तापतं. सोयाबीनच्या त्याच वावरात कधी पेरू? जॅकी ९२१८ हे वाण ठेवलं आहे.

पावसाची_वही (मंगरूळपीर) | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

कोरडवाहू असेल तर आता थांबू नका. या वाऱ्यात वरची तीन-चार बोटं ओल रोज उडते आहे, आठवड्यानं दाणा कोरड्यात पडेल. वखराची एक पाळी देऊन लगेच पेरा. दाणा ओलीला टेकला पाहिजे, म्हणून थोडं खोल सोडा. तापलेल्या जमिनीत मर जास्त येते, तेव्हा बियाण्याला ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) लावल्याशिवाय पेरू नका, रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) त्यानंतर. विहिरीचं पाणी असेल तर मात्र महिनाअखेरपर्यंत थांबलेलं बरं, तोवर रात्री गार होतात.

आणि चित्रा सरून स्वाती लागायच्या आहेत. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" असं आजी म्हणायची. एखादी सर आली तर हरभऱ्याला, तुरीला फुकटचं पाणी. मात्र फुटलेला कापूस तोवर घरात आलेला असावा.

बांधी (सडक अर्जुनी) | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१५

गुरुजी, आमची स्वातीकडं वेगळी नजर. जड धानाला अजून तीन आठवडे आहेत, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे उपसागरातल्या वादळांचे दिवस. किनाऱ्यावर आलेलं वादळ छत्तीसगडवरून आमच्याकडं यायला दोन दिवस लागतात. तेवढ्यात कापलेलं पुंजण्यात घालता येतं, उभं धान मात्र देवाच्या हाती.

हलकं धान पूर्ण घरात आलं. तुडतुड्याची बांधी सावरली. जड धानाच्या बांधीत पाणी बोटभर राखलं आहे, दाणा कडक व्हायला लागला की फोडीन. आजच वारा थोडा पूर्वेकडं कलल्यासारखा वाटला. तुमच्याकडं काय आहे?

पावसाची_वही (मंगरूळपीर) | १७ ऑक्टोबर, रात्री ८:००

माझ्याकडं अजून वायव्येचाच. पहाटे १९. उद्या सकाळी पाहून परत लिहितो.